जप चालू आहे

देवास-धारच्या मैत्रिणींनो, आज मला माझ्या जावेचा हेवा वाटतोय, तोही एका भिकार सीरियलपायी. हसायचं तर हसा.

आमच्या सासूबाई दुपारी चार वाजता जपाला बसतात. नेमकी तेव्हाच ती कटकारस्थानांची सीरियल लागते. सहा वर्षं आम्ही दोघी ती खेटून बसून बघतोय. त्यांच्या हातात माळ, माझ्या मांडीवर निवडायची भाजी. खलनायिका आली की माळ थांबते. खोलीत कुणी डोकावलं की दोघी एका सुरात सांगतो, "जप चालू आहे."

गेल्या आठवड्यात आई धाकट्या दिरांकडे धारला गेल्या. तिथली जाऊ म्हणजे तीच, जी दिवाळीत आम्हा दोघींना सीरियलपुढे बसलेलं बघून मला हसून म्हणाली होती, "वहिनी, आप ये सब झेल कैसे लेती हो?"

आज चारला मी एकटीनं एपिसोड लावला. काही मजा येईना, म्हणून आईंना व्हिडिओ कॉल केला.

त्यांच्या हातात माळ होती, थांबलेली. मागून त्याच सीरियलचं संगीत येत होतं. आणि त्यांना खेटून जाऊबाई बसल्या होत्या, मांडीवर मेथीची जुडी घेऊन.

मी विचारलं, "आई, काय चाललंय?"

टीव्हीवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "काही नाही गं, जप चालू आहे."

जे उत्तर आम्ही दोघी मिळून इतरांना द्यायचो, ते आज मला मिळालं.

तुम्हाला कुणी कधी असं एका वाक्यात 'इतरांत' नेऊन बसवलंय का?