हिरडीत शिरलेलं रबर

आमच्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांपेक्षा दिपालीचीच धास्ती जास्त. मी बाहेर पेशंटची नावं लिहिते, ती आत डॉक्टरांच्या हाताखाली. शेलार गावाहून सकाळी नऊच्या आत येते आणि आल्याआल्या कुणाची तरी हजेरी घेते. दातांच्या तारेला अडकवायचं बारीक रबर एखाद्याने दोन दिवस लावलं नाही, की संपलंच. "रबराला जोर न्हाय, पन ते दम सोडत न्हाय. रात्रंदिवस ओढतं तवा दात सरकतो. तुमी काढून ठेवता, आन् वर मलाच इचारता, दात का सरकत न्हाय?" मोठमोठे गोदामवाले तिच्यासमोर मान खाली घालून बसतात. मला ते बघायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

याच दिपालीने त्या रबरांची एक पुडी घरी नेली आणि भावाच्या मुलीला, रियाला दिली. शाळेच्या गॅदरिंगला बारीक वेण्या घालायच्या होत्या म्हणे! अकरा वर्षांची पोर, पुढच्या दोन दातांत फट, आणि आत्याचं रबरपुराण रोज ऐकलेलं. तिने एक रबर त्या दोन दातांभोवती चढवलं. आठवड्यात फट मिटत आली. मग रबरच दिसेनासं झालं. गिळलं असेल, असं समजून पोर गप्प बसली.

गिळलं कुठलं? दात मुळाकडे निमुळता असतो. रबर घसरत घसरत हिरडीत शिरलं आणि मुळं आवळत राहिलं, आतलं हाड झिजत गेलं. दोन महिन्यांनी दात लांब दिसायला लागले, हलायला लागले, हिरडीतून पू आला, तेव्हा कुठे रियाला दवाखान्यात आणलं. दिवसभर जगाचे दात बघणाऱ्या बाईला एका ताटात जेवणाऱ्या पोरीचे दात दिसू नयेत! माझं तर डोकंच फिरलं.

डॉक्टरांनी हिरडी उघडून रबर बाहेर काढलं. "हे हिला कुणी दिलं?"

"मी," दिपाली म्हणाली आणि हातातला ट्रे आपटला.

उजवा दात शेजारच्या दातांना बांधून वाचवायचं ठरलं. डावा काढावाच लागला.

डॉक्टर हात धुवायला गेले तशी दिपाली रियावर तुटून पडली. "रबर दिसंना झालं तवाच का न्हाय सांगितलंस? तवाच निघालं असतं! दात ऱ्हायला असता तुजा!"

रियाने तोंडातला कापूस काढून हातात धरला.

"तू ओरडली असतीस," ती म्हणाली.