तिसरी उडी

आइंडहोव्हनच्या अ‍ॅथलेटिक्स क्लबात पालकांना नुसतं बाकावर बसून कॉफी पिऊ देत नाहीत. काही ना काही काम गळ्यात मारतातच. मुलीमुळे माझ्या वाट्याला लांब उडीची निशाणं आली. उडी बरोबर असेल तर पांढरं, पाय फळीपुढे गेला तर लाल. फळीच्या कडेला मऊ पट्टी असते, तिच्यावर बुटाचा ठसा उमटतो. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. तेव्हा बाबांना जाऊन काही महिने झाले होते आणि मला कशाचंच काही वाटत नव्हतं. त्यामुळे हे काम मला बरं जमायचं.

आमच्याच ऑफिसात एक जपानी होता, चाळिशीचा. एके काळी तिकडच्या एका कंपनीच्या संघातून उड्या मारायचा. सकाळी ऑफिस, दुपारी वाळू. मग गुडघा गेला. शेवटच्या स्पर्धेत त्याच्या तिन्ही उड्या फाउल ठरल्या. "माझ्या नावापुढे शेवटी आकडाच नाही," असं त्याने एकदा कॅन्टीनमध्ये सँडविचचा कागद सोडताना सांगितलं होतं. एक आकडा लागला की बूट कायमचे काढायचे, म्हणून त्याने क्लबच्या प्रौढांच्या स्पर्धेत नाव दिलं. ती बघायला कुणी येत नाही.

पहिल्या दोन उड्या फाउल. दोन्ही वेळा मी लाल दाखवलं. तिसऱ्या वेळी पट्टीवर नखाएवढा ठसा उमटला.

मी पांढरं वर केलं. कुणाचं काय जातंय? बाबा आधीच गेले होते, तरी भावानेही फोनवर "जरा सीरियस आहेत, निघ" एवढंच सांगितलं होतं. आपल्यात असंच करतात. विमानात मी त्यांच्यासाठी घेतलेला स्वेटर मांडीवर धरून बसलो होतो.

मापवाल्या बाईंनी आकडा ओरडून सांगितला. तो वाळूतून उठून फळीपाशी आला, वाकला, पट्टीकडे पाहत राहिला. मग माझ्या हातातलं लाल निशाण घेऊन त्याने स्वतःच वर धरलं. बाईंनी आकडा खोडला.

"तुम्हाला ठसा दिसला होता?" त्याने मला विचारलं.

"हो. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल."

दंताळं घेऊन त्याने वाळू सारखी केली आणि तो निघून गेला. मीही मुलीला घेऊन घरी आलो, वरण-भात जेवलो.

सोमवारी कॅन्टीनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला. "उडी कशी होती? हवेत असताना आपल्याला काही कळत नाही."

'छान होती' अगदी ओठांवर आलं होतं.

"मी पाहिली नाही," मी म्हणालो. "माझी नजर फळीवर होती."

"आणि त्या बाईंची?"

"वाळूवर."

त्याने मान डोलावली आणि तो खायला लागला. त्याची शेवटची उडी कुणीच पाहिली नव्हती. मला वाईट वाटलं. कितीतरी महिन्यांनी, पहिल्यांदाच.