कुलूपबंद रिपोर्ट आणि बाबांचा रुमाल

महाप्याच्या ऑफिसात नव्या लोकांना मी एकच गोष्ट शिकवतो: खासगी फाइल कुलूप घातल्याशिवाय पाठवायची नाही आणि पासवर्ड त्याच वाटेने धाडायचा नाही. हे मी इतक्या रुबाबात सांगतो की लोक वहीत लिहून घेतात.

माझ्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला. ऑपरेशन करावं लागणार होतं. आई घाबरली असती, तिला समोर बसून सांगायचं होतं. तोवर फक्त बाबांना कळवायचं ठरवलं. मी भक्कम कुलूप घालून रिपोर्ट त्यांच्या फोनवर पाठवला आणि नियमाप्रमाणे पासवर्ड त्यांच्या ईमेलवर. तो ईमेल मीच उघडून दिला होता आणि आजवर मीच वापरत होतो, हे माझ्या तल्लख डोक्यात आलंच नाही.

बाबांचा एपीएमसीच्या फळबाजारात गाळा आहे. ऐन खरेदीच्या गडबडीत त्यांचा फोन आला. "अरे, तू काय पाठवलंय ते उघडतच नाय. पासवर्ड मागतंय."

गलक्यात ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर लावला. मी एकेक अक्षर सांगू लागलो: हे कॅपिटल, हे स्मॉल, मग हॅश. बाबा ते ओरडून पुन्हा म्हणत होते आणि शेजारच्या गाळ्यातले काका टाइप करत होते, कारण बाबांचा चष्मा घरी राहिला होता.

"उघडलं!" काका म्हणाले आणि मोठ्याने वाचायलाच लागले. दुसऱ्या ओळीला थांबले.

दुपारी त्या काकांकडून कळल्यावर काकूंनी आईला फोन करून धीर दिला. संध्याकाळी आईने मला एवढंच विचारलं, "सगळ्या बाजाराला सांगितलंस, मला नाही?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशनच्या सकाळी दोघं माझ्या खाटेशी बसले होते. बाबांच्या बाजारात पूर्वी भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नसे. मी या पद्धतीला कायम हसत आलो होतो. बाबांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं धरली.

"काय भाव?" मी थट्टेने विचारलं.

बाबांनी मान आईकडे वळवली. ते तिला सांगत होते, "किरकोळ आहे गं, तासाभराचं काम." रुमालाखाली मात्र त्यांचा हात माझी बोटं सोडायला तयार नव्हता.

मलाही भीती वाटत होती. मी तो हात घट्ट धरला आणि आईला म्हणालो, "हो ना, तासाभराचं तर काम."