ट्रॅक्टरकाकींचे गुळगुळीत टायर

गेल्या वर्षी फाल्गुनात, पुळणीवरच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी, ट्रॅक्टरकाकींनी मुलाने बसवलेले मागचे दोन्ही नवे टायर काढले आणि त्यांच्या जागी झिजून गुळगुळीत झालेले टायर चढवले. मदतीला दोन खलाशी होते. जॅक काकींनी स्वतः लावला. तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. नेमक्या किती वर्षांच्या, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि कोणी विचारलेले आवडत नव्हते.

ट्रॅक्टर काकींच्या नवऱ्याचा, मुलाच्या जन्माआधीचा. चौलजवळच्या आमच्या गावात मासेमारीच्या होड्या तो समुद्रातून ओढून सुरूच्या झाडांखाली आणून ठेवी. नवरा गेल्यावर काकी चालवायला बसल्या. मी शेजारच्या घरात वाढलो. काकींचा ट्रॅक्टर सुरू झाला की ओहोटी लागली, असे आमच्याकडे समजत.

पहिल्याच वर्षी त्यांनी खोल नक्षीचे नवे टायर घेतले होते. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर रेतीत रुतला. चाक जितके फिरवावे तितका खड्डा खोल होत गेला आणि भरती चढू लागली. गावाने दोर लावून ट्रॅक्टर बाहेर काढला तेव्हा पाणी सीटपर्यंत आले होते. त्यानंतर काकींनी पुळणीवर नवा टायर लावला नाही. कारण विचारले की एकच उत्तर मिळे : "दात म्हंजे फावडा. आपनच खड्डा खनायचा नि आपनच त्यात पडायचा."

टायर निवडायला त्या माणगावला जात. एकदा मी बरोबर होतो. दुकानदाराने पुढे मांडलेले नवे टायर दाखवले. काकी त्यांना वळसा घालून मागच्या ढिगाकडे गेल्या. प्रत्येक टायरची बगल त्यांनी गुडघ्याने दाबून पाहिली, भेगा शोधल्या, बोटाच्या पेराने ठोकले. दुकानदार म्हणाला, "काकी, हे जेट्टीला टांगायचे टायर. बोटीला धक्का लागू नये म्हणून."

"मंग जेट्टीला सांग, यंदा दोन कमी भेटतील."

"अहो, नक्षीच उरली नाय यांना."

"नक्षी तुज्या भिंतीवर काढ. मना बगल मऊ पायजे."

पुढे गावात जेट्टी झाली. होड्या तिथेच बांधल्या जाऊ लागल्या आणि ट्रॅक्टरला काम उरले नाही. मुलगा दिनेश उरणला ट्रेलर चालवतो. अंगणात पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायचा त्याचा विचार होता, आणि ट्रॅक्टर नेमका त्या जागेवर उभा होता. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा काकी सीटवर बसून राहिल्या. शेवटी आई आणि मुलात ठरले : शर्यतीत ट्रॅक्टरने मागचे ओझे शेवटच्या झेंड्यापर्यंत ओढले तर तो राहील, मध्येच थांबला तर भंगारात जाईल. आईला जुन्या टायरांवर पाठवले असे कोणी म्हणू नये, म्हणून नवे टायर दिनेशनेच आणून बसवले होते.

ते उतरवलेले पाहून तो म्हणाला, "आये, लोक हसतील."

"हसू दे. दात लोकांना हायत तेवडे पुरे. ह्ये टायर भाताच्या चिखलात दे कुनाला, तिथं सोन्यासारखे चालतील."

शर्यतीचा नियम एकच होता. रेतीच्या गोणी रचलेला लोखंडी पत्रा मागे जोडायचा आणि न थांबता ओढायचा. एकदा थांबला की संपले. आठ ट्रॅक्टर आले होते. पाली आणि माणगावकडचे गडी खोल नक्षीचे टायर लावून, चाकांत हवा ठासून भरून आले. सकाळी रेती ओली आणि घट्ट होती. पण उद्घाटनाचे पाहुणे दोन तास उशिरा आले आणि त्यांचे भाषण झाले. तोवर उन्हाने वरची रेती सुकून भुसभुशीत झाली होती. पहिले चार ट्रॅक्टर अर्ध्यावरही पोचले नाहीत.

पाचवा नंबर काकींचा होता. त्यांनी चपला काढल्या आणि झेंड्यांच्या ओळीतून शेवटपर्यंत चालत गेल्या. टाच किती बुडते एवढेच त्या पाहत होत्या. परत येऊन त्यांनी काडीने वॉल्व्हची पिन दाबली आणि मागच्या दोन्ही चाकांतली बरीच हवा सोडली. बगला फुगून टायर रेतीवर पसरले.

लाउडस्पीकरवरून आवाज आला, "म्हातारीवर म्हातारी बसली हो! आणि पंक्चर पण झाली!"

"दोघी उभ्या तरी हाव," काकी म्हणाल्या. "तुजे चौघे बग, कमरेपर्यंत गाडलेत."

मग त्यांनी पानाच्या डबीतून चुना घेतला आणि टायरपासून रिमपर्यंत एक सरळ रेघ ओढली. हवा कमी असली की टायर रिमवर सरकतो. सरकला तर रेघ तुटते. दिनेश बाजूला उभा होता. त्याला त्या म्हणाल्या, "रेतीशी भांडायचा न्हाय. तिच्यावर निजायचा."

ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने निघाला. शेवटचा झेंडा आला आणि मागे पडला. समितीची माणसे हात हलवत धावली, "काकी, थांबा! झालं, झालं!" काकी थांबल्या नाहीत. पत्रा त्यांनी सुरूच्या झाडांपर्यंत नेला, मगच इंजिन बंद केले.

"नियम झेंड्यापर्यंतचा होता," समितीचा प्रमुख म्हणाला.

"होडी कोन झेंड्याजवल ठेवतं?" काकींनी विचारले. "होडी झाडाखाली ठेवतात."

नंतरच्या तिघांनी हवा सोडून पाहिली. त्यांपैकी एक पोचला.

काकी या वर्षी पौषात वारल्या. फाल्गुनात शर्यत पुन्हा झाली. दिनेश ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने बूट काढले, ओळीतून शेवटपर्यंत चालत गेला, परत येऊन काडीने हवा सोडली आणि चुन्याची रेघ ओढली. चाके रुतली आणि पत्रा शेवटच्या झेंड्याच्या सहा पावले अलीकडे थांबला. रेघ तुटलेली नव्हती.

ट्रॅक्टर अंगणात आहे. खोल्या बांधलेल्या नाहीत. नवे टायर दिनेशने पालीकडच्या एका शेतकऱ्याला चिखलणीसाठी दिले.