साळुंक्यांचं गणित

‘गणिताचं उत्तर आलं की वाद संपला. पुढे प्रश्न विचारायचा नाही!’ हा गोखलेकाकांचा नियम. नारायण पेठेतल्या आमच्या सोसायटीचे ते अध्यक्ष, आणि शाळेत माझे गणिताचे सर. म्हणजे उलट बोलायची दुहेरी चोरी!

तर माझी फजिती ऐका. आयटीच्या कृपेने घरोघरी गाड्या आल्या आणि काकांनी ठरवलं, अंगणातलं करंजाचं झाड पाडून पार्किंग करायचं. मी तडकलेच.

“काका, त्या झाडावर किती जीव राहतात, माहितेय?”

“मोजून सांगा, बाईसाहेब. नुसत्या भावना नकोत.”

“मोजते! झाडावर जास्त विविधता निघाली तर झाड राहणार!”

“आणि पलीकडच्या मोकळ्या फरशीवर निघाली तर?”

“तर खुशाल पाडा!”

म्हटलं की हो मी!

पद्धत अगदी सोपी. डोळे मिटून दोन जीव उचलले, तर ते वेगवेगळ्या जातींचे निघण्याची शक्यता किती? शक्यता जास्त, तर विविधता जास्त. कॉलेजात शिकलेलं, चुकेल कसं?

रोज संध्याकाळी मोजत बसले. फरशीवर काय? एखादा कावळा, एखादी खार, एखादा होला, चुकून मुंगूस. आणि झाडावर? दोन-चार बुलबुल, आणि साळुंक्या. साळुंक्याच साळुंक्या! मला तर जिंकल्यासारखंच वाटलं.

सभा संध्याकाळी झाडाखालीच भरली. मी ऐटीत सगळ्यांसमोर उत्तर काढलं आणि घाईघाईने पुन्हा काढून पाहिलं. अहो, झाडावरचे कुठलेही दोन उचला, दोन्ही साळुंक्याच! फरशीवर मात्र दर वेळी वेगळे. माझ्याच गणिताने फरशी जिंकली होती!

काकांनी शांतपणे चष्मा पुसला. “वा! म्हणजे निसर्गाच्या भल्यासाठीच झाड पाडायला हवं. उत्तर आलं, वाद संपला.”

“नाही संपला!” मी उसळले. “उत्तर बरोबर असेल, माझा प्रश्नच चुकला! एवढ्या साळुंक्या रात्री झोपायच्या कुठे? मला हे मान्य नाही. झाड पाडायचं नाही म्हणजे नाही!”

सगळे वडीलधारे गप्प. काकासुद्धा! काय बोलले मी, म्हणून माझी छाती फुगली.

मग लक्षात आलं, माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर. साळुंक्या घरी परतत होत्या, थव्यामागून थवे, आणि त्यांच्या कलकलाटाने अंगण दणाणलं होतं. काका तर लहान मुलासारखे तोंड उघडं टाकून बघत होते.

कलकलाट ओसरला तेव्हा त्यांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला.

“राहू दे झाड,” ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तू मघाशी काही म्हणालीस का गं?”