पुंडलिकरावांचा उजेड

आमच्या सेलूच्या गल्लीत भंगारवाल्याचा ठेला आला की बाकी घरांतली माणसं काहीतरी विकायला बाहेर येत. पुंडलिकराव विकत घ्यायला येत. पाय अनवाणी, चष्मा कपाळावर आणि ठेल्यात कोपरापर्यंत हात. फवारणीच्या पंपाचा पितळी नॉझल, स्टोव्हची चेपलेली टाकी, मोडक्या मोटरसायकलचा हेडलाइट, काय काय म्हणून उपसून काढत. भंगारवाला वैतागे. "काका, घेता का नुसतं पाहता?"

"अरे, भंगार नोको म्हणू याले. रिटायर माल हाये हा, माह्यासारखा!"

कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून त्यांची हयात गेली. घरी बसल्यावर हात शांत राहीनात, म्हणून ओसरीत दिवे करू लागले. पाइपाची मान, बुडाशी प्रेशर मोजायचा जुना काटा आणि मधे व्हॉल्व्हचं लाल चाक. ते चाक फिरवलं की दिवा लागायचा. माझी लेक पुण्याहून आली होती, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "काका, जुन्या यंत्रांच्या भागांच्या या कलेला स्टीमपंक म्हणतात. लोक असे दिवे शोभेला ठेवतात."

"शोभेले मी हाव ना, पोरी," ते म्हणाले. "दिव्यानं उजेड पाडला पाह्यजे."

त्यांची कानस लोखंडावर चाले ती नेमकी भर दुपारी. मी निवृत्त मास्तरीण, दुपारची झोप हे माझं खरं पेन्शन, आणि फटकळ म्हणून गल्लीत माझं नाव. मी दोन घरांमधल्या भिंतीवरून ओरडायची. मग दोन मिनिटांत त्यांची बायको, विमलबाई, वाटीत काहीतरी घेऊन माझ्या दारात. "बाई, राग नोका मानू. माह्यासाठीच करून राह्यले ते."

ते खरंच होतं. विमलबाईंना कमी दिसू लागलं होतं. भातात खडे राहत, दाराची चौकट खांद्याला लागे. पुंडलिकरावांनी निदान करून टाकलं, "सयपाकघरात उजेड कमी पडून राह्यला." उभा जन्म यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार! हेडलाइटच्या काचेचा, हवी तिकडे मान वळणारा दिवा त्यांनी केला आणि बायकोच्या तांदूळ निवडायच्या ताटावर रोखला.

"आता?"

"अवो माय! चक्क दिसते," विमलबाई म्हणाल्या. पुंडलिकरावांचा आनंद काय विचारता! आठवडाभर गल्लीत येईल त्याला हाताला धरून ते दिवा दाखवत होते.

दोन महिन्यांनी पुन्हा दाताखाली खडा आला. त्यांनी आणखी मोठा दिवा करायला घेतला. मग तिसरा, त्याला भिंग. मी एकदा म्हटलं, "अहो, सेवाग्रामचा दवाखाना काय लंकेत आहे? डोळे दाखवून या." म्हणाले, "दाखवू ना बाई. पयले हा तं होऊ द्या." मीही रेटून धरलं नाही. उलट तो भिंगाचा दिवा पाहून तोंडभर वाहवा केली. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

अशी दोन वर्षं गेली. एका सकाळी विमलबाई ओसरीच्या पायरीवरून पडल्या, तेव्हा कुठे आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. आधी आला असतात तर पुष्कळशी राखता आली असती.

पुंडलिकरावांनी एवढंच विचारलं, "उजेड वाढवला तं?"

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली.

औषधाचे थेंब चालू होते, तरी उरलीसुरली नजरही वर्षाच्या आत गेली. कानस बंद पडली. आता झोपायला मोकळी होते, पण मला दुपारची झोप येईना. एकदा दिवेलागणीला त्यांचं घर काळोखात दिसलं म्हणून डोकावले. दोघं जमिनीवर बसलेले, मधे तांदळाचं ताट, आणि दोघंही चाचपून खडे शोधत होते.

"अहो, लाइट का नाही लावला?" मी ओरडलेच.

"तिले नाई दिसत, तं मले काऊन पाह्यजे?" ते म्हणाले. मग हळूच, "दिवे करत बसलो बाई मी. माह्यापायी डोये गेले तिचे."

विमलबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांची बोटं तांदळात फिरत राहिली. मी ट्यूब लावून, दोघांना दटावून घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळोखच होता.

मागच्या पौषात पुंडलिकराव गेले. सकाळी चहा मागितला, आणि तो हातात येईपर्यंतही थांबले नाहीत. तेरवी आटोपली, पाहुणे पांगले, तसं विमलबाईंनी मला बोलावून घेतलं. माझा हात धरून बसल्या.

"बाई, पयल्या दिव्यातबी मले दिसे नाई. दुसऱ्यातबी नाई. पंधरा-पंधरा दिवस कानस घासे माणूस, अन् मंग विचारे, 'आता?' माह्यानं नाई म्हणवलंच नाई हो! मी 'दिसते' म्हणे, म्हणून ते दवाखान्यात नेत नोहते. अन् डोये गेल्यावर सांगाची हिंमत झाली नाई. मरेपर्यंत त्यायनं सोतालेच दोष देला. मी बाजूले बसून आयकलं." त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "सांगाले पाह्यजे होतं ना मी?"

'जाऊ द्या हो, आता काय त्याचं,' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की खोटं बोलवेना.

"हो विमलबाई," मी म्हणाले. "सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी मान डोलावली. आंधळ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"म्हणून तं तुमाले बोलावलं, बाई. दुसऱ्या कोणाले विचारलं असतं, तं 'नाई'च म्हणाले असते."