शिवेवर अडलेली तिरडी

"ताई, तुमी जरा चहाचं पाहा. मानसं बोलून राह्यले."

सरपंच भर सभेत मले म्हनाले. मी निवडून आलेली मेंबर. बौद्ध वस्तीतली एकटीच. बोलनारायच्या यादीत माहं नाव होतं, तरी उठली. सवय. किटली घेतली अन् दोन्ही गावच्या मानसायले चहा वाटला. काहीजनायनं घेतला नाही. काहून, ते मले सांगायची गरज नोहती.

सभा सरकारनं बोलावली होती. आमच्या गावची शिव म्हंजे एक नाला. अलीकडं वाशीम, पलीकडं दुसरा जिल्हा. पान्यावरून, नाल्यापलीकडं जानाऱ्या पांदनीच्या वाटेवरून, गुरायवरून कायम भांडनं. म्हनून दोन्हीकडचे साहेब शाळेत आले होते. फळ्यावर लिहिलं होतं, 'सीमेवरील गावांचा संवाद'.

साहेब बोलत होते. माह्या डोळ्यापुढं बाबाची तिरडी.

दोन वर्साआधी, चैताच्या उन्हात. गावच्या मसनवट्यात आमाले जागा नाही. आमची मानसं आजा-पंज्यापासून नाल्यापलीकडच्या पडीकात जाळतात. त्या दिवशी पलीकडचे लोक पांदनीत आडवे आले. "वाट आमची हाय. मढं वापस न्या." आमच्या गावचे मोठे लोक मागं बाभळीखाली उभे. सरपंच बी. कोनी एक शब्द काढला नाही. तिरडी मातीत ठेवली. ऊन कलेपर्यंत. मी पदरानं बाबाच्या तोंडावरच्या माशा हाकलत बसली. शेवटी नाल्याच्या रेतीत जाळलं. पावसाळ्यात पूर आला. ती जागाच राह्यली नाही.

अजून बी उन्हात चालताना कानापाशी माशा घोंगावतात. पाहाले गेलं तर काहीच नसते.

साहेबानं ठराव वाचला. पांदन दोन्ही गावायले खुली. ट्रॅक्टर जाईन, गुरं जातीन. दोन्हीकडचे लोक खुश. तवा मले उमजलं. या दोन्हीकडच्या लोकायचं सहकार्य तर आधीपासूनच होतं. बाबाच्या तिरडीपाशी यायच्यात कोनती शिव होती?

किटली खाली ठेवली. "साहेब, आमच्या मढ्यायची वाट बी लिहा."

पलीकडचा एकजन हसला. "चांगल्या कामात मढं कायले काढून राह्यली?"

साहेब म्हनाले, "जुनं उकरू नका, ताई. वातावरण चांगलं आहे. सही करा."

"वातावरन तुमचं चांगलं हाय. मी सही करत नाही."

खुर्ची ओढली, साहेबाच्या समोर बसली. माहा विरोध माह्या हातानं लिहिला. दुसऱ्या दिवशी तहसीलात देऊन पोच घेतली.

ठराव झालाच. आमची वाट त्यात नाही.

माय आता खाटेवर हाय. वस्तीत मी सांगून ठेवलं. पुढचं मढं मायचं असो का माहं, त्याच पांदनीनं जाईन. भर दिवसा. कोनाले इचारनार नाही. ज्याले आडवं यायचं त्यानं यावं. आमी थांबनार नाही.